मसाजनंतर अंग ठणकतंय? पुढचे दोन-तीन दिवस असे काढा

काल मसाज घेतला, टेबलावरून उठताना हलकं वाटलं, रात्री झोपही गाढ लागली. आणि आज सकाळी कूस बदलताना खांद्यांपासून कमरेपर्यंत असं दुखतंय की कुणीतरी बडवून काढलंय. मसाज हेच माझं काम, त्यामुळे असे फोन मला नेहमी येतात. पलीकडचा आवाज घाबरलेला असतो, कधी थोडा नाराजही. "काही चुकलं का हो?"

उत्तर देण्याआधी मी तीन गोष्टी विचारते. दुखणं कधी सुरू झालं? नेमकं कुठे आहे? आणि थोडी हालचाल केल्यावर वाढतं की कमी होतं? पुढचं सगळं या तीन उत्तरांवर ठरतं. हा लेखही त्याच क्रमाने जातो, म्हणून शेक घ्यायला उठण्याआधी एवढं वाचून घ्या.

दुखतं कशामुळे

खोल दाबाचा मसाज म्हणजे स्नायूंना पडलेलं कामच असतं. तुम्ही पडून असता, पण अंगठा, मूठ किंवा कोपर स्नायूंवरून सरकतं तेव्हा तिथले तंतू दाबले जातात, ताणले जातात. महिनोन् महिने कुणी हात न लावलेल्या जागेला हे नवीन असतं. तिथे थोडा दाह होतो आणि जवळच्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. म्हणूनच दुसऱ्या दिवशी नुसता दप्तराचा पट्टा खांद्यावर आला तरी ती जागा हुळहुळते.

बऱ्याच दिवसांनी व्यायाम केल्यावर जी रग लागते, तिचंच हे भावंड. ती रग उशिरा येते आणि तिचा थकव्याशी नव्हे तर स्नायूंतल्या बारीक इजेशी संबंध आहे, असं थिओडोर हफ या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच मांडलं होतं. व्यायामाची रग साधारण २४ ते ७२ तासांत कळसाला पोचते. मसाजची बहुधा लवकर येते आणि लवकर जाते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत मसाज घेतलेल्या ९१ जणांपैकी साधारण १० टक्क्यांना नंतर थोडा त्रास झाला. बहुतेकांचा त्रास १२ तासांच्या आत सुरू झाला आणि ३६ तासांत संपला. माझ्या अनुभवातही हेच गणित बसतं: आज संध्याकाळी मसाज, उद्या दिवसभर ठणका, परवा उरलीसुरली जडता.

इथे एक गैरसमज मोडायलाच हवा, कारण लोक त्याच्या भरवशावर दुखणं अंगावर काढतात. "स्नायूंत साठलेलं लॅक्टिक आम्ल मोकळं झालं, म्हणून दुखतंय" किंवा "विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत" असं सर्रास सांगितलं जातं. जोराच्या व्यायामाने वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच शरीरातलं रूप) साधारण तासाभरात आपोआप मूळ पातळीवर येतं, ते आठवडाभर स्नायूंत दबा धरून बसत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना दमवणाऱ्या व्यायामानंतर १० मिनिटं मसाज देऊन स्नायूंचे नमुने तपासले गेले. २०१२ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले: लॅक्टेटवर मसाजचा परिणाम दिसला नाही, दाहाचे संकेत मात्र कमी झाले. म्हणजे माफक मसाज दाह शमवतो आणि अति दाबाचा मसाज तोच दाह पेटवतो. फरक मात्रेचा आहे. आणि टाकाऊ द्रव्यं बाहेर काढणं हे यकृत आणि मूत्रपिंडाचं काम, माझ्या कोपराचं नाही.

त्यामुळे दुखतंय म्हणजे मसाज "लागू पडला" असं समजू नका. अजिबात न दुखतासुद्धा मान मोकळी होऊ शकते.

पहिली पायरी: दुखण्याची जात ओळखा

आरशासमोर बसा. दुखऱ्या खांद्यावर दुसऱ्या हाताची चार बोटं सपाट ठेवा आणि पिकलेलं फळ चाचपतो तेवढ्याच हलक्या हाताने दाबा. साधी रग असेल तर दुखणं तळव्याएवढ्या पट्ट्यात पसरलेलं लागतं. स्नायूंच्या मांसल भागात असतं, हाडावर नसतं. बोटं उचलली की काही क्षणांत विरतं. आता तोच खांदा मागच्या बाजूने हळूहळू दहा वेळा फिरवा. पहिल्या दोन-तीन फेऱ्या अवघड जातात, आठव्या-नवव्या फेरीला खांदा जरा सैल वाटतो. असं होत असेल तर काळजीचं कारण नाही, घरच्या घरी निभावतं.

याउलट, दुखणं एका बोटाच्या टोकाने दाखवता येत असेल, सुरी लागल्यासारखी कळ येत असेल, हातात किंवा पायात खाली उतरणाऱ्या मुंग्या किंवा बधिरपणा असेल, हलवल्यावर वाढत जात असेल, किंवा निवांत पडूनही थांबत नसेल, तर ती रग नाही. पुढचा शेकाचा भाग सोडून थेट धोक्याच्या खुणांकडे जा.

पहिली संध्याकाळ

खरं तर सुरुवात टेबलावरूनच होते. तास-दीड तास आडवं पडल्यावर रक्तदाब थोडा उतरलेला असतो. आधी कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन बसा, मिनिटभर पाय खाली सोडून थांबा, मग उभे राहा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. भोवळ येऊन पडलात तर त्या दुखण्यापुढे स्नायूंची रग काहीच नाही.

घरी गेल्यावर लगेच आडवे होऊ नका. मोह होतो, पण दोन-तीन तास एकाच अवस्थेत पडून राहिलं की मोकळे झालेले स्नायू पुन्हा आखडतात. दहा-पंधरा मिनिटं सपाट जागी आरामात चाला. नंतर कोमट पाण्याने अंघोळ केलीत तर बरं वाटेल.

पाण्याबद्दल थोडक्यात. तहानेप्रमाणे प्या. मसाजनंतर लिटर-दोन लिटर पाणी ढोसल्याने दुखणं धुऊन जात नाही, आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांना ते बाधू शकतं.

पुढचे २४ तास वजनं उचलणं, धावणं, जिममधला जोराचा व्यायाम बाजूला ठेवा. आणि दुखतंय म्हणून त्याच जागेवर पुन्हा चोळणं, रोलरवर लोळणं, मसाज गन लावणं हे तर अजिबात नको. हा मोह भल्याभल्यांना होतो. ज्या जागेला दाब जास्त झाला म्हणून ती दुखतेय, तिला आणखी दाब देऊन ती शांत कशी होणार?

गार की गरम?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं साधं सूत्र असं: हाताला गरम लागतंय, सुजल्यासारखं वाटतंय, ठसठसतंय, तर पहिल्या दिवशी गार. नुसतं जड, ताठर, आखडलेलं वाटतंय, तर गरम.

गार शेक घेताना बर्फ थेट कातडीवर ठेवू नका. पातळ टॉवेलात गुंडाळा आणि १० ते १५ मिनिटांत उचला. कातडी बधिर झाली की थांबायचं. हवं तर दोन-तीन तासांनी पुन्हा. मानेच्या पुढच्या बाजूला बर्फ नको.

गरम शेकाची पिशवीही १५-२० मिनिटांपुरतीच. मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा, तिथे चटका लागत असेल तर पाठीलाही लागणारच. पिशवीवर पाठ टाकून झोपू नका, वजनाने उष्णता एका जागी कोंडते आणि झोपेत भाजलेलं कळत नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पायांवर गरम-गार दोन्ही टाळावं.

बाम किंवा वेदनाशामक मलम लावलं असेल तर त्यावर शेक घेऊ नका, वरून घट्ट बांधूही नका. मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या मलमावर उष्णता दिली की कातडी भाजल्यासारखी होते. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी तर असं मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगभर चोळू नये. मिथाइल सॅलिसिलेट कातडीतून रक्तात उतरतं आणि त्या औषधाचा रक्त पातळ करण्याचा परिणाम वाढवतं.

ती रात्र

कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या आणि वरचा हात दुसऱ्या उशीवर टेकवा, म्हणजे खांदा पुढे लोंबत नाही. पाठीवर झोपत असाल तर गुडघ्यांखाली उशी सरकवा, कमरेचा ताण लगेच उतरलेला जाणवेल. पोटावर झोपायची सवय असली तरी एवढ्या रात्रीपुरती मोडा. रात्रभर एका बाजूला वळलेली मान सकाळी हटकून दुखते आणि त्याचा दोष मसाजवर जातो.

दुसरा दिवस: हलतं राहायचं, ताणायचं नाही

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथे होतो आणि लोक नेमकं इथेच कंटाळतात. आपण हलतो तेव्हा स्नायू आळीपाळीने आवळतात आणि सैल पडतात, त्याने रक्त खेळतं, शिवाय ही हालचाल सुरक्षित आहे हे मेंदूला कळतं. म्हणूनच जिना दोनदा चढून-उतरून आल्यावर पाय हलके वाटतात आणि तासभर सोफ्यावर बसून उठलं की पुन्हा कुबड्या चालीने चालावं लागतं.

अंथरुणातच सुरू करा. घोटे वर-खाली वीस वेळा हलवा, पोटऱ्या जाग्या होतात. एकेक गुडघा छातीकडे घ्या, दोन्ही हातांनी धरून तीन श्वास थांबा, सोडा. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा. मग उठून बसा आणि मान उजवीकडे-डावीकडे, जिथपर्यंत आरामात जाते तिथपर्यंतच वळवा. मान गोल-गोल फिरवायची नाही. खांदे कानांकडे उचला आणि उसासा टाकत सोडा, दहा वेळा. पाठ दुखत असेल तर हात आणि गुडघे टेकून पाठ मांजरासारखी वर कमानदार करा, मग सैल सोडा, आठ-दहा वेळा. पाचेक मिनिटांचं काम आहे.

दिवसभरात हे तीन-चारदा करा. खुर्चीत बसून काम असेल तर दर अर्ध्या तासाने उभे राहा. हालचाल करताना "ओढ लागतेय" इथवर ठीक. "आई गं" तोंडातून निघालं तर तुम्ही पुढे गेलात.

ठणका फारच असेल आणि पॅरासिटामॉल तुम्हाला चालत असेल तर वेष्टनावर लिहिलेल्या मात्रेत घेता येते. मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची हद्द; यकृताचा त्रास असेल, दारू नियमित असेल किंवा वजन कमी असेल तर हद्द त्याहून खाली येते, ती डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशेबात धरा. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मात्र अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काही असेल तर आपल्या मनाने घेऊ नका. आणि गोळीने दुखणं दबलं म्हणून त्याच दिवशी व्यायामाला जाऊ नका.

काळंनिळं झालं असेल तर

मसाज करणाऱ्यांपैकी काहीजण डाग हा चांगल्या कामाचा पुरावा म्हणून मिरवतात. मला ते पटत नाही. डाग म्हणजे कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या, एवढाच त्याचा अर्थ. एखादा छोटा डाग घाबरण्यासारखा नाही. तो आधी लालसर, मग निळा-जांभळा, मग हिरवट, शेवटी पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत जातो. त्याच्यावर दाब द्यायचा नाही, एवढं पाळा. पण डाग पसरत असेल, खाली टणक गोळा लागत असेल, किंवा तुम्ही वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेत असाल आणि डाग मोठा असेल, तर दाखवून घ्या. वयस्कर माणसांची आणि बराच काळ स्टिरॉइड घेतलेल्यांची कातडी इतकी नाजूक असते की साध्या दाबानेही डाग पडतो.

इथे घरगुती उपाय थांबवा

हा भाग शांतपणे वाचा. या गोष्टी विरळा घडतात, पण घडल्या तर वाट बघायला वेळ नसतो.

मानेचा मसाज झाला, विशेषतः कुणी मान झटक्याने मोडली, आणि नंतर मानेत किंवा डोक्यात कधी नव्हे अशी तीव्र कळ उठली, चक्कर येऊ लागली, एकाचे दोन दिसू लागले, एक पापणी उतरली, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. मानेतल्या धमनीचा आतला पदर फाटल्याची ती खूण असू शकते आणि त्यातून पक्षाघात होतो.

एकच पोटरी सुजली, लाल आणि गरम झाली, चालताना दुखते आहे, तर ती चोळू नका, कुणाला चोळू देऊ नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी तपासून घ्या. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट आपत्कालीन विभागात.

लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, स्नायू प्रचंड दुखताहेत, सुजलेत आणि त्यांत जोर राहिलेला नाही, तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडावर भार टाकत असण्याची शक्यता असते. फार जोराच्या, लांबलेल्या मसाजनंतर असं झाल्याच्या नोंदी आहेत. रक्ताची आणि लघवीची तपासणी लगेच हवी.

कमरेच्या मसाजनंतर दोन मांड्यांमधली, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तरही एक तास दवडू नका. हाता-पायातली ताकद कमी झाली, ताप आला, किंवा हाडं ठिसूळ असलेल्या माणसाला श्वास घेताना बरगडीत टोचू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि यांतलं काहीच नाही, पण साधी रगच तीन दिवसांनी कमी होण्याऐवजी वाढतेय, किंवा आठवडा झाला तरी आहे, तरीही दाखवा.

पुढच्या वेळी दुखू नये म्हणून

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतल्या एक बाई मला अजून आठवतात. मानेच्या मुळाशी, खांद्याचा स्नायू वर चढतो तिथे, त्यांना सुपारीएवढी गाठ होती. ती सोडवायचीच या जिद्दीने मी एकाच जागी अंगठा रोवून राहिले. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या पायांचे अंगठे आत वळले होते, मुठी आवळल्या होत्या, श्वास अर्ध्यावर थांबला होता. हे सगळं माझ्यासमोर होतं आणि मी ते वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना मान वळवता येईना. पुढचे चार दिवस त्या तशाच होत्या. तेव्हापासून खांद्यावर काम करतानाही माझी नजर पायांच्या अंगठ्यांकडे जाते.

सोसण्यापलीकडे दाब गेला की शरीर स्वतःला वाचवायला स्नायू आवळतं. मग एकीकडून दाब आणि दुसरीकडून आवळलेला स्नायू, अशी झुंज लागते. गाठ सैल पडत नाही आणि दुसऱ्या दिवशी ठणका दुप्पट होतो. म्हणून तुमचा श्वास हे सगळ्यात खरं माप आहे. दाब असताना लांब, सैल श्वास सोडता येत असेल तर दाब योग्य. श्वास रोखला गेला की जास्त झाला, त्याच क्षणी सांगा. दाबाला ० ते १० आकडा द्यायचा ठरवलात तर पाच-सहाच्या वर जाऊ देऊ नका, पहिल्यांदाच घेत असाल तर चारवर थांबा. "जरा हलकं करा" म्हणण्यात संकोच कसला? आम्हाला आतून कळत नाही हो, तुम्ही सांगितलंत तरच कळतं.

सुरुवातीला एवढंही सांगा: कुठली औषधं चालू आहेत, शस्त्रक्रिया झाली आहे का, दिवस राहिलेत का, हाडं ठिसूळ असल्याचं निदान आहे का, आज झोप झाली आहे का. अपुऱ्या झोपेने आणि ताणाने दुखणं जास्त जाणवतं. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा विकार, असलेल्यांना तर इतरांचा मध्यम दाबही जड जातो.

यावेळचं दुखणं वाया घालवू नका, लिहून ठेवा. तारीख, कुठल्या भागावर किती वेळ काम झालं, दाब किती वाटला, दुखणं कधी सुरू झालं, कधी गेलं. पाच ओळी पुरतात. पुढच्या वेळी जाताना त्या दाखवा आणि सरळ म्हणा, "मागच्या वेळी डाव्या खांद्याला दोन दिवस ठणका होता, तिथे आज निम्माच दाब द्या आणि एका जागी फार वेळ थांबू नका." स्नायूंना सवय होत जाते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तेवढ्याच दाबाने कमी दुखतं. ठणका पूर्ण गेल्याशिवाय मात्र पुढची वेळ घेऊ नका, आणि परीक्षा, शर्यत किंवा लांबचा प्रवास तोंडावर असेल तर खोल मसाज त्याच्या तीन-चार दिवस आधीच उरकून घ्या.